मोजून दिलेलं पाणी

सुनंदा,

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, म्हणून आपल्या लेकीनं, प्राजूनं ट्रेमध्ये पेले भरले आणि बाहेर न्यायला माझ्या हातात दिले. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. हॉलमध्ये तुझी ती खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, तरी माझा पाय पुढं पडेना.

दोन-अडीच वर्षं या क्वार्टरच्या हॉलमध्ये भरलेला पेला आला नव्हता. पाहुण्यांना मी आत बोलवायचो आणि ओट्याशी उभ्याउभ्या पाणी पाजायचो. त्यांना ते चमत्कारिक वाटायचं. माठ मी मागच्या पडवीत हलवला होता, फ्रिजमधल्या बाटल्या काढून टाकल्या होत्या. मी स्वतःसुद्धा कारखान्यात पाणी पिऊन घरी यायचो. टीव्हीवर नदी दिसली की चॅनेल बदलायचो आणि तू हसायचीस. "अहो, बघितल्यानं वजन वाढत नाही," म्हणायचीस.

शेवटी ट्रे प्राजूनंच नेला. मी आत ओट्याला टेकून उभा राहिलो. टिपॉयवर पेले ठेवल्याचे आवाज ऐकू आले. मग शेजारच्या काकूंचा आवाज आला, "सुटल्या बिचाऱ्या." त्यानंतर जो आला त्यानं हाच शब्द वापरला. सुटली. जणू तुला कुणी बांधून ठेवलं होतं आणि दोर आपोआप तुटला. दोर तू कापलास हे त्यांना माहीत नाही. प्राजूला, तुझ्या भावाला बापूला, डॉक्टरांना आणि मला माहीत आहे. आणि मला ते अजून पटलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझ्या शाळेतल्या मुली आल्या होत्या. मुली म्हणजे आता दोन-दोन लेकरांच्या आया. त्यांतली एक बारामतीला बँकेत आहे. तिला रसायनाची सूत्रं एकही आठवत नाहीत, पण पाण्याचा तास आठवतो म्हणाली. तू काचेचा पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवलास आणि विचारलंस, अजून किती थेंब मावतील? कुणी म्हणालं एक, कुणी म्हणालं एकही नाही. मग ड्रॉपरनं तू थेंब सोडत गेलीस आणि पाणी काठाच्या वर फुगून आलं, पण सांडलं नाही. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. तू म्हणालीस, "एकमेकांना धरून आहेत. सुटायला तयार नाहीत." ती पोर हे सांगताना रडायला लागली आणि मीच तिला म्हणालो, अगं, पाणी घे.

तिनं आणखी एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. बर्फ पाण्यावर तरंगतो, बुडत नाही, हे तू शिकवत होतीस तेव्हा एका पोरीनं विचारलं होतं, "बाई, इंदापूर तालुक्यात तळं कुठं गोठतंय? आपल्याला काय करायचंय?" सगळा वर्ग हसला. तूही हसलीस. मग म्हणालीस की बर्फ बुडाला असता, तर जगात जिथं जिथं थंडी पडते तिथलं पाणी तळापासून गोठत वर आलं असतं. मासे, शेवाळ, सगळं संपलं असतं. जीव पहिल्यांदा पाण्यातच जन्मला, तो तिथंच मेला असता. "मग तू कुठनं आली असतीस गं, मला प्रश्न विचारायला?" ही तुझी बोलण्याची तऱ्हा. मी ऐकताना अगदी तुझा आवाज ऐकला.

आपलं लग्न झालं तेव्हा शेळगावची पोरगी आणि वालचंदनगरच्या क्वार्टरमधला पोरगा, एवढंच लोकांना दिसत होतं. आपल्या दोघांचाही धंदा एकच निघाला, हे नंतर कळलं. तू वर्गात पाणी शिकवायचीस आणि मी बॉयलरच्या पाण्याची लॅब सांभाळायचो. त्यामुळं आपली भांडणं इतरांसारखी नव्हती. तू म्हणायचीस, पाण्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते जवळजवळ सगळ्याला आपल्यात विरघळवून घेतं. मी म्हणायचो, हीच त्याची खोड आहे. जमिनीतलं मीठ, चुना, काय दिसेल ते उचलून आणतं आणि माझ्या नळ्यांमध्ये थर साठवतं. माझी सगळी नोकरी ती खोड मोडण्यात गेली. तू चपात्या लाटता लाटता उत्तर द्यायचीस. ही खोड नसती तर पिकाच्या मुळाला मातीतलं काय मिळालं असतं? खाल्लेलं अन्न रक्तातून कसं फिरलं असतं? अंगातली घाण बाहेर कशी पडली असती? मी म्हणायचो, माणूस म्हणजे काय बॉयलर नव्हे. तू म्हणायचीस, "नव्हेच. बॉयलर बंद करता येतो."

मग तुझ्या पायांवर सूज आली. दिवसभर उभं राहून शिकवल्यानं येते, असं तू म्हणालीस. एका संध्याकाळी पायावर बोट दाबलंस आणि ते उचलल्यावर खड्डा तसाच राहिला. आपण दोघंही त्या खड्ड्याकडं बघत बसलो. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तरुण बाई, प्राजूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असावा आणि कुणाच्या लक्षात आला नसावा. बापूला ते खरं वाटलं नाही. तुझा धाकटा भाऊ शेवटपर्यंत म्हणत राहिला की लहानपणी तुम्ही सगळे बोअरचं खारं पाणी प्यायलात, त्यानंच झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता सांगता येणार नाही. तू म्हणालीस, "कशानं झालं हे कळून काय करायचंय?" तुझ्यासारख्या बाईनं कारण विचारायचं सोडलं, तेव्हा मी घाबरलो.

माझी किडनी चालणार नव्हती, मला साखर आहे. बापू तयार झाला, त्याच्याही रक्तदाबात खोट निघाली. प्राजूनं स्वतःहून आपलं नाव पुढं केलं तेव्हा तू तिच्याकडं असं बघितलंस की तो विषय परत निघाला नाही. किडनीसाठी नाव यादीत घालून आपण डायलिसिस सुरू केलं.

वालचंदनगरहून जंक्शन, लासुर्णे, सणसर ही गावं करत बारामती. कालवा कधी रस्त्याजवळ यायचा, कधी लांब जायचा. कारखाने चालू असले की उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रेंगाळत जायचं. परत येताना तू मागच्या सीटवर आडवी असायचीस. पहिल्या दिवशी मी त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला चहा प्यायला गेलो, तर तिथं पाणी शुद्ध करायचा प्लँट. अगदी माझ्या लॅबसारखा. टाक्या, गाळणीचे पडदे, मीटर. तुझ्या एका खेपेला पाण्याचे ड्रमच्या ड्रम लागत होते. मी आत येऊन तुला सांगितलं. दोन सुया हातात, रक्त नळीतून गोल फिरतंय, आणि तू म्हणालीस, "म्हणजे शेवटी माझा बॉयलर झालाच." मी हसलो. तुझ्या त्या वाक्यावर मी आजपर्यंत किती वेळा हसलोय आणि किती वेळा नाही, ते मलाच सांगता येणार नाही.

तुझ्या शेजारच्या पलंगावर सोमेश्वरनगरकडचे एक आबा असायचे. त्यांना भीती वाटायची की रक्त पाण्यात मिसळून वाहून जाईल. तू त्यांना समजावलंस की मध्ये एक पातळ पडदा आहे, त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत. रक्त मोठं, ते अलीकडंच राहतं. विरघळलेली घाण बारीक, ती पलीकडं पाण्यात जाते. पाणी तिला ओढून घेतं. आबा म्हणाले, "मंजी पानीच धुनं धुतंय म्हना की." तू म्हणालीस, तसंच. त्यानंतर ते दर खेपेला तुझ्याकडून काहीतरी शिकून घ्यायचे. घाम आल्यावर गार का वाटतं, माठात पाणी गार कसं होतं. ऐकताना त्यांचा वेळ जायचा, सांगताना तुझा. मग एका खेपेला त्यांच्या पलंगावर दुसराच माणूस होता. नर्सला तू विचारलं नाहीस. चार तास भिंतीकडं तोंड करून होतीस.

पण मला लिहायचंय ते तहानेबद्दल. ती मी बघितली आणि तरी मला ती कळली नाही. तुला लघवीच होत नव्हती. प्यायलेलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती, ते अंगातच साठून वजन वाढायचं. डॉक्टरांनी दिवसाला किती द्यायचं ते सांगितलं. मी लॅबमधनं मापाचं भांडं आणलं. त्यात चहा आला, आमटीतलं पाणी आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. काकडी बंद, कलिंगड बंद, ताक बंद. तोंडात बर्फाचा खडा धरायचीस. चूळ भरून थुंकायचीस, आणि थुंकताना डोळे मिटायचीस. ओठांना भेगा पडल्या होत्या. रात्री झोपेत तुझा घसा गिळल्यासारखा हलायचा. तू मला एकदाही जास्त मागितलं नाहीस. सकाळी मी भांडं भरून ठेवायचो, तू त्यातलं दुपारपर्यंत पुरवायचीस. घरात पाण्यावर पहारा ठेवणारा माणूस मी होतो आणि तू मला त्याबद्दल कधी बोल लावला नाहीस. उलट एकदा प्राजूला म्हणालीस की बाबांचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे. तिनं ते मला तू गेल्यावर सांगितलं.

बापूला हे सगळं क्रूर वाटायचं. एका उन्हाळ्यात तो पिकअपमध्ये आपल्या रानातली कलिंगडं घेऊन आला. पहिला तोडा, थोरल्या बहिणीसाठी. मी त्याला दारातच अडवलं तर माझ्यावर चिडला. म्हणाला, "दाजी, पान्यानं कुनी मरतंय व्हय? मानूस पान्याबिगर मरतं." तू आतनं उठून आलीस. त्याच्याशी बोलताना तुझी भाषा बदलायची, शाळेतली बाई कुठल्या कुठं जायची. तू त्याला म्हणालीस, "बापू, चारीचं पानी रानात चालूच हाय आन् भाईर काढायला चर न्हाय, तर रानाचं काय हुतं?"

त्यानं हातातलं कलिंगड पिकअपमध्ये ठेवलं. मग म्हणाला, "चिबडतंय. पानी साचून मुळं कुजत्यात."

"मंग? मी चिबाडलीया. आता कळलं?"

त्यानं कलिंगडं तशीच परत नेली. कोपऱ्यावर गाडी थांबवून तो किती वेळ आत बसून होता, ते मी खिडकीतून बघितलं. तुला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या वैशाखात त्याच्या पोरीचा साखरपुडा होता. शेळगावला, घरासमोर मांडव घालून. ऊन म्हणजे असं की पत्र्याकडं बघवत नव्हतं. तू बायकांत बसली होतीस, मी पुरुषांत. मांडवाच्या कडेला पाण्याचे जार होते आणि माणसं येऊन गटागटा पीत होती. नंतर कुणीतरी सांगितलं की तू उठून गेलीस, पेला भरलास, प्यायलीस, परत भरलास. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. उन्हाळ्यात एक बाई पाणी पितेय, त्यात काय बघायचं?

संध्याकाळी तुला आडवं होता येईना. झोपलीस की श्वास कोंडायचा. गाडी बापू चालवत होता आणि मागं तू दोन्ही हात पुढच्या सीटवर टेकून बसली होतीस आणि तुझ्या छातीतून खदखदल्यासारखा आवाज येत होता. ओठ निळसर झाले होते. दोन्हीकडं कोरडी रानं, धूळ, आणि माझ्या शेजारी तू बुडत होतीस. याला दुसरा शब्द नाही. डॉक्टर दारातच म्हणाल्या, फुप्फुसात पाणी भरलंय. लगेच मशीनवर घेतलं. मी बाहेर बापूजवळ बसलो होतो. तो एकसारखा म्हणत होता, माझ्या मांडवात, माझ्या मांडवात.

दुसऱ्या दिवशी तू बोलायला लागलीस. मी ओरडायचं ठरवून आत आलो होतो. किती प्यायलीस, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "पोटभर." आणि मग माझ्याकडं बघून, हळूच, "अहो, काय गोड लागलं." तुझ्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी लग्नात बघितलं नव्हतं, प्राजू झाली तेव्हाही नव्हतं. ओरडायचं मनात राहून गेलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि तुझ्या पायावर हात ठेवला.

हिवाळ्यात सगळंच बिघडत गेलं. हातातली सुईची जागा बंद पडली, नवी केली तीही बंद पडली, मग मानेत नळी घातली. मशीनवर रक्तदाब उतरायचा, तू शुद्ध हरपायचीस, मशीन थांबवायला लागायचं. हृदय थकलंय म्हणाले. घरी येऊन एक दिवस पडून राहायचं आणि पुढच्या दिवशी परत निघायचं. जगणं म्हणजे तेवढंच उरलं होतं.

एकदा परत येताना सणसरच्या अलीकडं तू म्हणालीस, "मला आता परत जायचं नाही." मी म्हणालो, उद्या बघू. तू म्हणालीस, उद्या नाही, कधीच नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"थांबवलं तर काय होईल, माहीत आहे ना तुला?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. विरघळलेलं सगळं आत साठत जाईल. झोप वाढत जाईल. मग एके दिवशी हृदय थांबेल."

"हे मला वर्गात शिकवल्यासारखं सांगू नकोस."

"मग कसं सांगू?"

मी म्हणालो, मी थकलेलो नाही, मी तुला हजार वेळा नेईन-आणीन. तू म्हणालीस, "तुम्ही थकलात म्हणून नाही. मी थकले म्हणून." मी म्हणालो, मला पटत नाही. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, बरं, तुम्हाला पटेपर्यंत जाते.

आणि तू जात राहिलीस. आणखी कितीतरी खेपा केल्यास. मानेत नळी, अंगात थंडी, ओकाऱ्या, सगळं. दर वेळी परतीच्या वाटेवर माझ्याकडं एकदा बघायचीस. मी गाडी चालवत राहायचो. त्या खेपा तू माझ्यासाठी केल्यास, सुनंदा. मला उमगावं म्हणून स्वतःचे दिवस दिलेस. मी ते घेतले आणि हो म्हणालो नाही. मग एका सकाळी तू कपडे बदललेच नाहीस. प्राजूला पुण्याहून बोलावून घेतलंस, डॉक्टरांना तूच फोन केलास. मला काही विचारलं नाहीस.

डॉक्टर घरी आल्या. त्यांनी वेदनेच्या, घाबरल्यासारखं झालं तर द्यायच्या औषधांचं समजावून सांगितलं. जाताना मला दारात म्हणाल्या, "आता मोजू नका. घोट घोट द्या, एकदम दिलं तर श्वास लागेल. पण मागतील तेव्हा द्या." मी मापाचं भांडं कपाटात ठेवलं आणि दार लावल्यावरही त्याच्यापुढं उभा राहिलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बापूचा फोन आला की कालव्याचं आवर्तन सुटलंय, रानाकडच्या चारीला पाणी आलंय. तू म्हणालीस, मला न्या. प्राजू नको म्हणत होती. बापूनं गाडी रानापर्यंत आणली आणि प्लॅस्टिकची खुर्ची चारीच्या कडेला मांडली. तुझे सुजलेले पाय त्यानं उचलून पाण्यात सोडले. पाणी गढूळ होतं, त्यात वाळकी पानं येत होती. तू डोळे मिटून बसलीस. जरा वेळानं म्हणालीस, "ऊन केवढंय, तरी पाणी गार आहे बघा. तापायला किती वेळ लावतं. आपण सगळे याच्यावर तर तग धरून आहोत. नाहीतर दुपारी भाजलो असतो आणि रात्री गोठलो असतो." बापू पलीकडं मिरचीच्या सरीत पाणी वळवत होता. त्याची पाठ आपल्याकडं होती, आणि ती त्यानं मुद्दाम केली होती असं मला वाटतं.

मग तू विचारलंस, "पटलं का हो?"

मी म्हणालो, पाय बाहेर काढ आता, गारठशील.

तू काढले नाहीस. मीही परत म्हणालो नाही. आपण तिथं ऊन कलेपर्यंत बसलो. तू एका हातानं माझी बाही धरली होतीस. मी त्या दुपारबद्दल कुणालाही सांगितलेलं नाही. मला वाईट दिवस पुष्कळ आठवतात, पण त्या दुपारी तुला तहान लागली नव्हती. तू स्वतः म्हणालीस तसं.

त्यानंतर झोप वाढत गेली, तू सांगितलं होतंस तसंच. जागी झालीस की आम्हाला ओळखायचीस, मग कधी प्राजूला तुझ्या आईच्या नावानं हाक मारायचीस. अंगाला खाज सुटायची, ती प्राजू ओल्या फडक्यानं पुसून काढायची. शेवटच्या सकाळी तू स्पष्ट म्हणालीस, "पानी." घरातल्या, शाळेतल्या भाषेत नाही, शेळगावच्या. मी पडवीत गेलो, माठातून मोठा पेला भरून घेतला. काठोकाठ. येताना थोडं सांडलं. डोक्याखाली हात घालून तुला उचललं आणि पेला ओठाला लावला. एक घोट गेला. दुसरा घशात अडकला, तू खोकलीस, आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.

मी म्हणालो, अजून घे.

तू ओठ मिटलेस आणि तोंड बाजूला केलंस.

"घे ना सुनंदा. आहे भरपूर. घे."

इतकी वर्षं मी तुला नाही म्हणत आलो होतो, आणि त्या सकाळी मी तुझी विनवणी करत होतो. प्राजूनं माझ्या हातातून पेला काढून घेतला. दुपारी तू गेलीस. श्वास लांब पडत गेले, मग पुढचा आलाच नाही. बापूनं तुळशीच्या पानानं तुझ्या तोंडात गंगेचं पाणी घातलं. ते आत गेलं नाही.

स्मशानात मडकं प्राजूनं धरलं. बापूच्या भावकीतल्या दोघांना ते रुचलं नाही, पण बापूनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ती खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन तुझ्याभोवती चालली आणि बापू मागनं दगडानं भोक पाडत गेला. पाणी तिच्या पाठीवरनं, ओढणीवरनं, जमिनीवर पडत होतं. कोरडी जमीन ते लगेच पिऊन टाकत होती. मला उठून तिच्या हातातून ते काढून घ्यावंसं वाटलं. एवढं पाणी असं ओतायचं? माझ्या अंगात ती सवय अजून होती.

काल आम्ही तिघं तुझ्या अस्थी घेऊन नीरा-नरसिंगपूरला गेलो. संगमावर पाणी कमी होतं, गुडघ्याएवढं. गाठोडं प्राजूनं सोडलं. राख आधी वर पसरली, मग पाण्यात ओढली गेली. हाडांचे तुकडे तळाशी वाळूत दिसत राहिले. प्राजू काठावर जाऊन बसली. मी आणि बापू पाण्यात उभे होतो.

त्यानं विचारलं, "दाजी, आक्कानं बरुबर केलं का?"

इतक्या दिवसांत हे मला सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, तिचं बरोबर होतं, हे मला कळतं. पटत नाही.

"मंग आक्काला सांगितलं का न्हाय?"

"तिनं विचारलं होतं. मी बोललो नाही."

बापू म्हणाला, "आता सांगा की. मी जातो तिकडं."

तो प्राजूजवळ गेला. आणि मी सांगितलं. आधी मनात, मग तोंडानं, मग बहुतेक मोठ्यानं, कारण पलीकडं अंघोळ करणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मी म्हणालो की मला पटलेलं नाही. मी म्हणालो की मशीनवर, मानेत नळी घालून, महिन्यातले निम्मे दिवस बेशुद्ध, कशीही तू मला हवी होतीस, आणि ही माझी भूक आहे, तुझं भलं नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तू वाट बघितलीस त्याबद्दल उपकार मानतो म्हणालो. वाट बघायचं थांबवलंस त्याबद्दल मात्र काही बोलता आलं नाही.

बापू परत आला आणि त्यानं माझा दंड धरला. आम्ही चढ चढायला लागलो. मागं वळून बघायचं नसतं, असं त्यानं हळूच सांगितलं. मी वळून बघितलं. नदी चालली होती.